घरातले रहस्य आणि नववाचकाचे गद्य : प्रारंभिक वाचनासाठीच्या सौम्य रहस्यकथेचा विचार

१. विषयाची मांडणी

रहस्यकथेचा विचार मराठी समीक्षेत प्रायः दोन अंगांनी झाला आहे. एक, लोकप्रिय वाङ्मयाचा प्रकार म्हणून; आणि दुसरे, कथानकप्रधानतेचा नमुना म्हणून. दोन्ही ठिकाणी वाचक गृहीत धरलेला असतो आणि तो सराईत असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड यांचा वाचक किंवा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा बालवाचक वयाने वेगळा असला, तरी ओघाने वाचता येणे ही पूर्वअट दोघांनाही सारखीच लागू आहे. ज्याला अद्याप ओघाने वाचता येत नाही, जो अक्षराला अक्षर जोडून शब्द उभा करतो, अशा नववाचकासाठी रहस्यकथा संभवते काय, आणि संभवत असल्यास तिचा घाट कसा असतो, हा प्रश्न सहसा साहित्यविचाराच्या कक्षेत येत नाही. तो शिक्षणशास्त्राकडे सोपवला जातो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार साहित्यप्रकाराच्या दृष्टीने केला आहे. त्यासाठी ‘सौम्य घरगुती रहस्यकथा’ हा प्रकार निवडला आहे. या कथेत खून नसतो, दरोडा नसतो. बहुधा गुन्हेगारही नसतो. एखादी वस्तू हरवते किंवा एखाद्या माणसाची ओळख पटत नाही. आणि उलगडा घराच्या किंवा नात्याच्या परिघातच होतो. कुटुंबातील भेटीगाठी, पाहुणे येणे, मुलांनी नातेवाइकांकडे जाऊन राहणे ही या कथेची आवडती पार्श्वभूमी होय. हा प्रकार अमेरिकेतील इंग्रजी बालसाहित्यात विशेष रुजला. त्याच्या परीक्षणातून मराठी नववाचकाच्या गद्याविषयी काही मूलभूत गोष्टी हाती लागतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. मर्यादित शब्दांचे गद्य : पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शालेय वाचनपुस्तके शब्दनियंत्रणाच्या तत्त्वावर रचली जात. ठरावीक शब्द ठरावीक वेळा पुन्हा येतील अशी ती योजना असे. स्कॉट-फोर्समन या प्रकाशनसंस्थेची डिक आणि जेन यांची वाचनमाला हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. शब्दांची पुनरावृत्ती झाली, पण त्या पुनरावृत्तीला कथेतून काही कारण मिळाले नाही. मुलाने तोच शब्द पुन्हा का वाचावा, याचे उत्तर पाठ्यपुस्तकाजवळ होते, गोष्टीजवळ नव्हते.

रुडॉल्फ फ्लेश यांच्या १९५५ मधील टीकाग्रंथाने या वाचनपद्धतीवर मोठा वाद उभा केला. १९५७ मध्ये डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ हे केवळ २३६ भिन्न शब्दांत लिहिलेले पुस्तक आले, आणि त्याच वर्षी एल्स मिनारिक यांच्या ‘लिटल बेअर’ने हार्पर प्रकाशनाची ‘आय कॅन रीड’ ही माला सुरू झाली. शब्द थोडे असले तरी साहित्य थोडे असण्याचे कारण नाही, ही भूमिका त्यानंतर स्थिर झाली. क्रॉस्बी बॉन्सल यांची ‘द केस ऑफ द हंग्री स्ट्रेंजर’ (१९६३) ही याच मालेतील रहस्यकथा. शेजारच्या बाईंची ब्लूबेरीची पाय कोणी खाल्ली, एवढेच तिचे रहस्य. ज्याचे दात निळे तो दोषी, हा तिचा दुवा. आणि निळे दात निघतात ते कुत्र्याचे.

याही आधी, १९४२ मध्ये, गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांच्या ‘द बॉक्सकार चिल्ड्रन’ची सुधारित आवृत्ती निघाली होती. मूळ कथा १९२४ ची. वॉर्नर या कनेटिकट राज्यातील पटनम येथे पहिलीच्या वर्गाच्या शिक्षिका होत्या. ही आवृत्ती त्यांनी मर्यादित शब्दसंग्रहात पुन्हा लिहिली आणि ती स्कॉट-फोर्समननेच काढली. एकाच प्रकाशनाकडून एकाच तत्त्वावर रचलेली दोन प्रकारची पुस्तके निघाली; त्यांपैकी एक वाचनपाठ म्हणून उरले आणि दुसरे गोष्ट म्हणून टिकले. हा भेद शब्दसंख्येचा नाही, पुनरावृत्तीच्या प्रयोजनाचा आहे.

३. पुनरावृत्ती हाच दुवा

हे प्रयोजन कसे साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मार्जोरी वाइनमन शार्मट यांची ‘नेट द ग्रेट’ (१९७२) ही कथा. तिची चित्रे मार्क सिमॉन्ट यांची आहेत. निवेदक नेट हा प्रथमपुरुषी बोलणारा छोटा शोधक. त्याच्या मैत्रिणीने, ॲनीने, आपल्या कुत्र्याचे काढलेले चित्र हरवले आहे. नेट तिच्या घरी जातो, घर पाहतो, माणसे भेटतात. ॲनीचा धाकटा भाऊ हॅरी लाल रंगाने चित्रे काढीत असतो. त्याची सगळी चित्रे लाल आहेत. फक्त तीन डोक्यांचा एक राक्षस तेवढा नारिंगी आहे. ॲनीचे चित्र पिवळे होते. पिवळ्यावर लाल चढला की नारिंगी होतो. राक्षसाची तीन डोकी म्हणजे कुत्र्याचे दोन कान आणि शेपटी.

या कथेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. रंगांची नावे हे नववाचकाच्या शब्दसंग्रहातले अगदी प्रारंभीचे शब्द. शब्दनियंत्रणाच्या दृष्टीने ते पुन्हा पुन्हा यायलाच हवेत; रहस्यकथेच्या दृष्टीनेही ते पुन्हा पुन्हा यायलाच हवेत, कारण दुवा त्यांतच दडला आहे. सराईत वाचकाच्या रहस्यकथेत लेखक दुवा एकदाच, सहज सांगितल्यासारखा ठेवतो आणि वाचकाने तो विसरावा अशी व्यवस्था करतो. नववाचकाच्या कथेत दुवा वारंवार येतो आणि तरीही दुवा म्हणून ओळखू येत नाही; कारण त्या वयाच्या वाचकाला पुनरावृत्तीची सवयच असते. अध्यापनाची गरज आणि प्रकाराची गरज येथे एकरूप होतात. उलगडा कळला की मूल मागची पाने उलटून तोच शब्द पुन्हा शोधते. पाठ्यपुस्तकात मागे जाणे ही शिक्षा असते. येथे ते सुख आहे.

४. नात्यातला शोध

सौम्यता हे या कथेचे दुसरे लक्षण. तिचा अर्थ केवळ ‘भीतिदायक नसणे’ एवढाच घेतल्यास प्रकाराचे मर्म निसटते. वॉर्नर यांच्या कथांमध्ये रहस्याची वस्तू बहुतेक वेळा नाते हीच असते. पहिल्या पुस्तकातील चार पोरकी भावंडे, हेन्री, जेसी, व्हायोलेट आणि बेनी, आजोबा दुष्ट आहेत अशा समजुतीने त्यांच्यापासून लपून राहतात. आजोबा प्रेमळ निघतात. ‘सर्प्राइझ आयलंड’ (१९४९) मध्ये मुले आजोबांच्या बेटावर उन्हाळा घालवतात. तेथे ज्यो नावाचा कामकरी तरुण आहे. कामकऱ्याला एवढे कसे ठाऊक, असा प्रश्न मुलांना पडतो. तो त्यांचा नातलगच निघतो. ‘मिस्टरी रँच’ (१९५८) मध्ये मुले आजोबांच्या बहिणीकडे, जेन यांच्याकडे, राहावयास जातात. त्या जमिनीत युरेनियम सापडते, ही त्या कथेतील बाहेरची घटना. मात्र भावाशी दुरावलेली, आल्यागेल्यावर चिडणारी ही वृद्धा मनाने कशी आहे, हा त्या भेटीतला आतला शोध.

सर्वसाधारण रहस्यकथेत शोध पूर्ण झाला की एक माणूस समाजाबाहेर जातो. या कथेत शोध पूर्ण झाला की एक माणूस कुटुंबात येतो. म्हणून ‘भेट’ ही येथे केवळ पार्श्वभूमी राहत नाही. परक्या घरात शिरलेले मूल प्रत्येक वस्तू नव्याने पाहते. कोणती वस्तू कोठली, कोण कोणाचे, हे त्याला ठाऊक नसते. घरच्यांना न दिसणारे त्याला दिसते. पाहुणा मुलगा आणि शोधक हे एकच होतात. आणि नव्या घरातून चाचपडत चालणारे मूल हे नव्या पानातून चाचपडत जाणाऱ्या वाचकाचे प्रतिरूप ठरते.

५. मराठीची अडचण : अक्षर

या प्रकाराकडे मराठीतून पाहू लागताच पहिला भेद लिपीचा जाणवतो. इंग्रजी नववाचकाला शब्दाचे लेखन आणि उच्चार यांतील विसंगती अडवते. म्हणून तेथे शब्द मोजले जातात. मराठी नववाचकाला शब्द प्रायः ठाऊक असतो. त्याला अडवते ते अक्षर. त्यामुळे अंकलिपीपासून चालत आलेली आपली क्रमवारी अक्षरांची आहे : आधी काना-मात्राविरहित शब्द, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरे. बालसाहित्यात ‘जोडाक्षरविरहित गोष्टी’ असा एक उपप्रकारच त्यातून निर्माण झाला.

या क्रमवारीचा कथनावर होणारा परिणाम पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांपैकी काहीही नसलेल्या मराठीत ‘असत’सारखे एखाददुसरे रीतिवाचक रूप वगळता भूतकाळ नाही. ‘बघ’, ‘धर’, ‘पळ’ ही आज्ञार्थी रूपे तेवढी उपलब्ध असतात; ‘आला’, ‘गेली’, ‘पडले’ यांना चिन्हे लागतात. म्हणजे मराठी मूल वाचू लागते तेव्हा त्याला प्रथम भेटणारे गद्य आज्ञांचे असते. त्यात काही घडून गेलेले असू शकत नाही. आणि जेथे काही घडून गेलेले नाही, तेथे ‘काय घडले?’ हा रहस्यकथेचा प्रश्नही नाही.

पुढची पायरी जोडाक्षरविरहित गद्याची. येथे भूतकाळ मिळतो, पण दुसरी बंधने येतात. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप जोडाक्षर घेऊन येते : डबा, पण डब्यात; कोनाडा, पण कोनाड्यात. एकारान्त नपुंसकलिंगी नामाचेही तेच : भांडे, पण भांड्यात. ईकारान्त स्त्रीलिंगी ‘पेटी’ आणि ‘बरणी’ मात्र सुरक्षित : पेटीत, बरणीत. वस्तू कोठे लपावी, हे येथे लेखक ठरवीत नाही, विभक्ती ठरवते. ‘आजीची पेटी’ म्हणता येते, पण ‘आजीच्या पेटीत’ म्हणता येत नाही. म्हणजे कोणाच्या वस्तूत काय सापडले, हे शोधकथेचे मूळ वाक्यच निषिद्ध होते. ‘तिने’ चालते, ‘त्याने’ चालत नाही. म्हणून अशा कथेत शोधक मुलगी असणे सोयीचे, अथवा नेटप्रमाणे ‘मी’ असणे सोयीचे. ‘सकाळी’ आणि ‘दुपारी’ चालतात. ‘संध्याकाळी’ आणि ‘रात्री’ चालत नाहीत. आजीला ‘तू’ म्हणून विचारता येते. पण ज्या घरांत आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात, तेथे आजोबांची चौकशी अशक्य होते. मावशी घरी येऊ शकते, आत्या येऊ शकत नाही. चावी हरवू शकते. किल्ली आणि चष्मा हरवू शकत नाहीत.

ही यादी गमतीची वाटली तरी तिच्यातून एक गंभीर गोष्ट दिसते. अक्षरांवरील बंधन हे केवळ अक्षरांवर राहत नाही. ते स्थळ, काळ, नाते आणि निवेदक यांच्यावर जाऊन पडते. जोडाक्षरविरहित गोष्टींत एक प्रकारचा सपाटपणा जाणवतो, त्याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधण्याआधी येथे शोधले पाहिजे.

६. मराठीची अनुकूलता : प्रयोग, नाते, आदर

लिपी अडवते तेथे व्याकरण साहाय्य करते. ‘चावी कोणी ठेवली?’ हे वाक्य पाहावे. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘ठेवली’ मधील स्त्रीलिंग चावीचे आहे, ठेवणाऱ्याचे नव्हे. मराठी भूतकाळ कर्त्याला झाकतो. उलट ‘कोण आली?’ या कर्तरी प्रयोगात कर्ता उघडा पडतो. ‘विसरणे’ हे क्रियापद सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालते : आजी चावी विसरली, मामा चावी विसरला. प्रश्नाचे वाक्य कर्त्याला लपवते आणि उत्तराचे वाक्य त्याला प्रकट करते. रहस्यकथेचा आरंभ आणि शेवट मराठीच्या प्रयोगव्यवस्थेत आधीच ठेवलेला आहे. हिंदीचे रूप याला जवळचे आहे. इंग्रजीत मात्र क्रियापदातून लिंगाचा बोध होतच नसल्यामुळे झाकण्या-उघडण्याचा हा खेळ संभवत नाही.

आजोळी आलेल्या मुलांची एक साधी कथाकल्पना उदाहरणादाखल घेता येईल. सकाळी मामा मुलांना घेऊन आला. दुपारी कपाट बंद आणि चावी गायब. उशीखाली चावी नाही, पेटीत चावी नाही. फळीवर बरणी आहे, बरणीवर पीठ आहे. पीठ कोणी मळले? आजीने मळले. मुले आली, तशी आजी हातातले काम टाकून दारात गेली. जाताना चावी बरणीमागे ठेवली आणि विसरली. यात एकही जोडाक्षर नाही. ‘पीठ’ आणि ‘चावी’ हे शब्द वारंवार येऊ शकतात. ‘ठेवली’ हे रूप आजीचे की चावीचे, हा व्याकरणाचा बारकावा वाचणाऱ्याला नकळत स्पर्श करून जातो. आणि मुख्य म्हणजे चावी हरवण्याचे कारण पाहुण्यांचे येणे हेच आहे. दोष कोणाचा, याचा शोध घेताना आजीला किती घाई झाली होती, याचा शोध लागतो.

नातेवाचक शब्दांचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्रजीतील ‘कझिन’ हा शब्द ज्योचे नाते सांगूनही त्याची बाजू सांगत नाही. मराठी अनुवादकाला चुलत, आते, मामे, मावस यांतून निवड करावी लागते; ‘चुलत’ म्हटले की आडनावही उघड होते. जेन यांना मुलांनी ‘आत्याआजी’ म्हटले की वडिलांकडचे घराणे, माहेरवाशिणीचा मान आणि भावाशी आलेला दुरावा हे सारे एका संबोधनात येते. इंग्रजी वाचकाला जे पुढे कळते, ते मराठी वाचकाला हाकेतच कळते. त्यामुळे मराठी घरगुती रहस्यकथेने ‘हा कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘याला काय म्हणायचे?’ या प्रश्नावर उभे राहणे अधिक नैसर्गिक ठरेल. परक्या माणसाविषयी ‘तो’ म्हणणारी मुले नाते कळताच ‘ते’ म्हणू लागतात; अथवा दुराव्याने ‘ते’ म्हणणारी जवळिकीने ‘तो’ म्हणू लागतात. सर्वनामाचा हा बदल म्हणजे उलगडाच होय, आणि तो सांगावयास इंग्रजीला स्वतंत्र वाक्य खर्चावे लागते.

७. समारोप

वरील विवेचनातून एक व्यावहारिक परंतु साहित्यविचाराला धरून असलेला निष्कर्ष निघतो. जोडाक्षर सर्वस्वी वर्ज्य करणे हा नववाचकाच्या गद्याचा निकष असू नये. प्रत्येक कथेत एखाददुसरे अवघड अक्षर मुद्दाम घ्यावे आणि तेच शोधाचा विषय करावे. आजीचा चष्मा हरवला, तर ‘ष्मा’ हे अक्षर मूल दहा वेळा वाचेल, आणि दहाही वेळा त्याला ते वाचण्याचे कारण असेल. ‘आजीच्या’, ‘मामाच्या’, ‘मावशीच्या’ असे करीत कोणाच्या वस्तूत काय आहे हे तपासत गेल्यास ‘च्या’ हे जोडाक्षर अडथळा न राहता शोधाचे साधन होईल. शार्मट यांनी रंगांच्या नावांचे जे केले, ते मराठीत अक्षरांचे करता येण्याजोगे आहे.

घर आणि नाती हे विषय मराठी बालसाहित्याला नवे नाहीत. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ ही त्याची दोन वेगवेगळ्या काळांतील ठळक उदाहरणे. न्यूनता विषयाची नाही. नववाचकाच्या गद्याकडे घाट म्हणून पाहण्याची आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांच्या वाचनाच्या पायऱ्या अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा मानल्या आहेत. गोष्ट ही तेथे शेवटची पायरी आहे. मापनासाठी तो क्रम योग्यच असेल. पण लेखनासाठी तोच क्रम स्वीकारला, तर मूल गोष्टीपर्यंत पोहोचेतो आज्ञांची वाक्ये वाचीत राहते, आणि त्यांतील अनेक मुले वाटेतच थांबतात. सौम्य रहस्यकथेने दाखवून दिले आहे ते असे की, गोष्ट पहिल्या पायरीवरही ठेवता येते. फक्त तेथे काहीतरी हरवलेले असावे लागते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात बालसाहित्य शिकवले जाते तेव्हा त्याचा विचार संस्कार, कल्पनारम्यता आणि भाषेची सुबोधता या निकषांवर होतो. ‘सुबोध’ या शब्दाची फोड अक्षर, विभक्ती, प्रयोग आणि संबोधन या पातळ्यांवर केल्यास नववाचकासाठी लिहिलेली आठ पानांची गोष्टही काटेकोर विश्लेषणास पात्र ठरते. मराठी व्याकरणाचा आणि कथनमीमांसेचा अभ्यास एकत्र आणणारे हे क्षेत्र पदव्युत्तर संशोधनास मोकळे आहे. त्याचा लाभ प्रबंधापुरता राहणार नाही. जे मूल आज बोट ठेवून एकेक अक्षर वाचत आहे, त्याला पान उलटण्याचे कारण देण्यापर्यंत तो पोहोचू शकेल.